रडणाऱ्या बायका आणि शिट्ट्या मारणाऱ्या पोरी

गेल्या बैठकीचा विषय ठरला होता वारसनोंद. सातबारावर बाईचं नाव कसं लागतं, तलाठ्याकडे कोणते कागद न्यायचे, हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी काय काय वाचून घ्यायचं, असं सगळं फळ्यावर लिहून ठेवलं होतं. माळशिरस आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बावीस जणी आल्या होत्या. चहा होईपर्यंत कुणीतरी 'सैराट' काढला. आदल्या रात्री टीव्हीवर लागला होता, कितव्यांदा ते देव जाणे. त्यानंतर फळ्याकडे कुणी बघितलंच नाही. दोन तास बायका सिनेमावर बोलत राहिल्या.

पहिली पंधरा मिनिटं मी घड्याळाकडे बघत होते. कार्यकर्तीची ही जुनी खोड. बायका आपणहून बोलायला लागल्या की आपल्याला वाटतं, विषय भरकटला. मग मुकाट्याने वही उघडली आणि लिहून घ्यायला लागले. हे संपादकीय त्या वहीतून आलं आहे.

सिनेमाशी आपल्या चळवळीचं नातं तसं अवघडच. 1980 च्या दशकात आपण भिंतींवरच्या पोस्टर्सना काळं फासत होतो. बाईचं शरीर विकायला मांडलं जातंय, हे म्हणणं खरंच होतं आणि आजही त्यातला शब्द मागे घ्यावा असं मला वाटत नाही. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा 1986 साली आला, त्यामागे हे सगळं होतं. पण त्या धामधुमीत एक झालं. सिनेमा म्हणजे काळं फासायची वस्तू, अशी सवय लागली. आपल्याला चालणारे सिनेमे मोजके. 1982 चा 'उंबरठा' हा त्यातला सगळ्यात लाडका. स्मिता पाटीलची सुलभा घराचा उंबरठा ओलांडून बाहेर पडते, ते बघून आपल्यातल्या कितीजणींना आपलंच काही सापडलं. नाटकांत 1983 चं स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो'. ते आपण गावोगाव पोचवलं. पण गावातली बाई चार आणे-आठ आणे साठवून, घरात थापा मारून, स्वतःच्या हौसेने काय बघत होती, ते आपण विचारलं नाही. ती बघत होती 'माहेरची साडी'.

1991 साल. विजय कोंडके यांचा सिनेमा, अलका कुबल नायिका. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना सांगायला नको. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून बायका जात होत्या. आमच्याकडे जत्रेतल्या तंबूतसुद्धा तो लागला, तेव्हा बायकांच्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्याच्या खांबाला बांधलेल्या कर्ण्यापेक्षा हुंदक्यांचाच आवाज मोठा. पेपरात जे छापून येत होतं त्याचा सूर मात्र ठरलेला होता: रडका, भडक, बायकांना रुमाल घेऊन बसवणारा. आणि आपला सूर? तोही तोच, फक्त शब्द आपले. मी स्वतः एका शिबिरात फळ्यावर दोन रकाने आखून सांगितलं होतं की हा सिनेमा बाईला सोसायला शिकवतो, छळाला पुण्य म्हणतो, म्हणून तो विषारी आहे. मुद्दा चूक नव्हता. बापाचा राग आणि सासूचा छळ गिळून गप्प बसणारी लक्ष्मी कुणाचा आदर्श असू नये, हे मी आजही म्हणेन.

पण त्या शिबिरात मागे बसलेली एक मावशी होती. खुरपणीला जाणारी, विधवा. ती म्हणाली, "ताई, आमी सोसाय शिकाय न्हाई गेलो. ते तर येतंच. आमी रडाय गेलो. घरात रडली की सासू म्हणती अवदसा, माहेरात रडली की आई म्हणती लोक काय म्हणतील. तितं तीन तास कुणी काय म्हणत न्हाई."

मी तेव्हा हसून पुढच्या मुद्द्यावर गेले. पुढचा मुद्दा काय होता ते आज आठवत नाही. मावशीचं वाक्य आठवतं.

सिनेमाच्या नावाकडेच बघा ना. माहेरची साडी म्हणजे काय, हे शहरातल्या परीक्षण लिहिणाऱ्याला कदाचित ठाऊक नसेल. आपल्याकडे ठाऊक नसलेली बाई सापडणार नाही. बाळंतपणाला, पंचमीला, दिवाळीला माहेरहून येते ती. आणि बाई मेली की अंगावर शेवटची घालतात तीही माहेरची. भाऊ साडी घेऊन आला नाही तर प्रेत थांबवून ठेवलेलं मी पाहिलं आहे. सगळं आयुष्य सासरी राबलेली बाई जाताना माहेरच्या कापडात जाते. एवढ्यावरच तिचा माहेरावर हक्क. नीरा उजव्या कालव्याखालची जमीन, ऊस, विहीर, गोठा, मोटरसायकल सगळं भावांचं, आणि तिच्या वाट्याला साडी-चोळी. ही साडी किती जड आहे ते त्या तंबूतल्या प्रत्येकीला माहीत होतं. म्हणून ती रडत होती. नायिकेसाठी थोडं, बरंचसं स्वतःसाठी.

आता यातली गंमत ऐका, गंमत म्हणवत नाही खरं तर. सिनेमा आला 1991 साली. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हिस्सा दिला 22 जून 1994 पासून. अट एवढीच की त्या तारखेआधी लग्न झालेलं नसावं. म्हणजे तंबूत रडणाऱ्या बहुतेकींना तो कायदा लागूच नव्हता. केंद्राची दुरुस्ती आली 2005 साली, तिने ही लग्नाची अट काढली. आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, 2005 साली बाप हयात असो वा नसो. इतकी वर्षं आपण कायद्याच्या पुस्तिका वाटत होतो आणि दुसरीकडे त्याच बायका माहेरच्या साडीसाठी रडत होत्या. या दोन गोष्टी एकाच बैठकीत एकमेकींशेजारी ठेवाव्यात, हे आपल्याला सुचलं नाही. सुचलं असतं तर तो सिनेमा हक्कसोडपत्रावरच्या शंभर व्याख्यानांपेक्षा कामाला आला असता. कारण हक्कसोडपत्रावर बहीण सही का करते? कायदा माहीत नसतो म्हणून कमीच. माहेर तुटेल म्हणून. नवऱ्याने हाकललं तर जायला एकच दार आहे आणि ते बंद होईल म्हणून. हे ती बाई तंबूत बसून रडत सांगत होती आणि आपण तिच्या रडण्याचीच समीक्षा करत होतो.

समीक्षकांबद्दल माझी तक्रार ते कठोर असतात अशी नाही. कठोर असावंच. मला खटकतं ते एवढंच की प्रेक्षक बाई असली की तिची आसवं सिनेमाविरुद्धचा पुरावा म्हणून धरली जातात. पुरुष रडला तर सिनेमा हृदयस्पर्शी, बायका रडल्या तर रडका. क्रिकेट बघून ओरडणाऱ्या पुरुषाला खेळ कळतो, नटासाठी ओरडणाऱ्या पोरीला अक्कल नसते. आवडणं हे कमी प्रतीचं आणि न आवडणं हे जाणकारीचं लक्षण, असं कुठेतरी आपणही धरून चाललो आहोत. एखाद्या शिबिरात "मला हा सिनेमा फार आवडतो" म्हणताना आपली कार्यकर्तीसुद्धा आधी इकडेतिकडे बघते. मी स्वतः 'माहेरची साडी' तीनदा पाहिला आहे. हे मी आज पहिल्यांदा छापून सांगते आहे.

आता 'सैराट'कडे येते. बैठकीचा जीव तिथेच होता.

29 एप्रिल 2016. तो उन्हाळा आमच्या तालुक्याने विसरण्यासारखा नाही, आणि त्याचं कारण सिनेमा एवढंच नाही. नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. आणि अर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे आमच्याच माळशिरस तालुक्याची पोर. बर्लिनच्या महोत्सवात सिनेमा आधीच दाखवला गेला होता, रिंकूच्या नावाची राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेखासाठी घोषणा झाली होती, पुढे शंभर कोटींचा आकडा गाठणारा पहिला मराठी सिनेमा म्हणून त्याचं नाव झालं. ही सगळी मोठी माणसं मोजतात ती मोजमापं. आमच्या पोरींनी मोजलं ते वेगळंच. पडद्यावर आपल्यासारखं बोलणारी पोरगी ट्रॅक्टर चालवते, बुलेटवर येते, विहिरीत उडी घेते, पोराकडे टक लावून बघते आणि पोरगाच लाजतो. आणि पोरी शिट्ट्या मारतात! आमच्या गटातली एक सून सांगत होती की तिला शिट्टी येत नव्हती, त्या आठवड्यात दिराच्या पोराकडून शिकून घेतली. आजवर सिनेमाघरात शिट्टी म्हणजे पुढच्या रांगेतल्या बाप्यांची, बाईच्या अंगावर येणारी. ती पोरींनी हिसकावून घेतली.

अर्थातच लगेच ओरड सुरू झाली. पोरी बिघडल्या, पळून जायला लागल्या, सिनेमावर बंदी घाला. भाषणं झाली, पारावर चर्चा झाल्या. आमच्याकडे त्याचं जे झालं ते सांगते. दोन पोरींची कॉलेजं सुटली. एकीचा मोबाइल गेला. एकीचं अठरा पुरायच्या आत ठरवायला निघाले, ते आम्ही मध्ये पडून थांबवलं. सिनेमा बघून पोरगी पळेल या भीतीने तिला घरात कोंडणारे बाप तोच सिनेमा बघून शेवटच्या प्रसंगाला मान खाली घालून बाहेर पडले होते. मी स्वतः पाहिलं आहे. मान खाली घातली, आणि घरी येऊन पोरीची शाळा बंद केली. यावर कुणी परीक्षण लिहावं.

शिकलेल्या समीक्षकांमध्ये वेगळा वाद रंगला. एक बाजू म्हणाली, जातीचं वास्तव इतक्या जोराने मराठी पडद्यावर आलं नव्हतं. दुसरी म्हणाली, पहिला अर्धा भाग नाचगाण्याचा, तेवढाच लोकांनी उचलला. 'झिंगाट' लग्नाच्या वरातीत वाजतं, आणि त्याच वरातीत आंतरजातीय लग्न करणाऱ्याला ठेचायच्या गोष्टी होतात, हेही खरं. स्त्रीवादी मैत्रिणींनीही त्यावर बरंच लिहिलं. हैद्राबादला गेल्यावर पारश्या संशयाने अर्चीला मारतो, त्याचं काय? इतकी तडफदार पोर तिथे गेल्यावर चूल पेटवताना रडते, ती शेवटी 'घरात बसवलीच' ना? प्रश्न चांगले आहेत. पण आमच्या बैठकीतल्या बायका त्याच प्रश्नांवर कशा बोलल्या ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मारण्यावरून तर भांडणच झालं. पन्नाशीपुढच्या दोघी म्हणाल्या, "एकदाच तर मारली, मागनं किती रडला बिचारा." त्यावर आयटीआयला जाणारी एक पोर उसळून म्हणाली, "काकू, तो बी एकदाच म्हणतो आणि माझा बाप बी एकदाच म्हणतो." सगळ्या गप्प. मग त्या काकूच हळूच म्हणाल्या, "तिनं बॅग भरली आन् गाडीत जाऊन बसली, ते मला आवडलं. आमाला बॅग बी नव्हती आन् गाडी बी नव्हती." कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यावर आम्ही कितीदा सत्रं घेतली, पण आपल्या बैठकीत पहिल्या फटक्याबद्दल इतकं मोकळं बोलणं मी ऐकलं नव्हतं. पारश्याच्या पाठीवर बसून का होईना, विषय घरात शिरला.

आणि चुलीवरून एक वेगळंच निघालं. एकीने विचारलं, अर्चीकडे होतं तरी काय? बुलेट बापाची, ट्रॅक्टर बापाचा, घोडा बापाचा, विहीर बापाची. धाकसुद्धा बापाचाच. सरांच्या थोबाडीत मारणारा भाऊ आणि कुणाला न भिणारी बहीण, दोघांचा माज एकाच जमिनीतून आलेला. गाव सोडलं आणि ते सगळं मागे राहिलं. तिथे झोपडपट्टीत तिच्या हाताला काम लागलं आणि पगार आला, तेव्हा पहिल्यांदा तिचं स्वतःचं काही झालं. "म्हंजी अर्ची खरी तितं झाली," असं ती म्हणाली. ही बाई सातवी शिकलेली आहे. बुलेटवरची अर्ची म्हणजे मुक्त स्त्री, असं लिहिणाऱ्यांनी आणि हैद्राबादला अर्ची हरली, असं लिहिणाऱ्यांनीही यावर विचार करायला हरकत नाही. ती एवढं बोलली आणि कप गोळा करायला उठली.

मग शेवटचा प्रसंग. त्यावर सगळेच बोलतात. आवाज बंद होतो, लेकराची पावलं. पण आमच्या बायका त्याच्या आधी थांबल्या. अर्ची आईला फोन करते. मग काही दिवसांनी माहेरची माणसं येतात. आईने पाठवलेल्या भेटी घेऊन येतात. ती हरखते, चहा टाकते. इथे मघाचीच ती पन्नाशीपुढची काकू म्हणाली, "हीच की वो ताई ती माहेरची साडी."

मैत्रिणींनो, माझ्या अंगावर काटा आला. पंचवीस वर्षांच्या अंतराने आलेले दोन सिनेमे. एक समीक्षकांनी रडका म्हणून टाकला, दुसरा डोक्यावर घेतला. त्या बाईने दोन्ही एकाच दोऱ्यात ओवले. सगळं तोडून गेलेली, कमावती झालेली, लेकराची आई झालेली पोर. पण माहेरहून काही आलं म्हटल्यावर दार उघडते. आपण शंभरदा सांगतो की जिवाला धोका आहे, पत्ता देऊ नको, फोन करू नको. तरी पोरी आईला फोन करतात. आमच्या केंद्रात आलेल्या, आम्ही लपवून ठेवलेल्या पोरींनी असे फोन केलेले आहेत. आम्ही त्यांच्यावर चिडलो आहोत. त्या मूर्ख नव्हत्या. त्यांना माहेर हवं होतं. मी वाचलेल्या परीक्षणांत हे मला कुठे दिसलं नाही. 2018 साली त्याचा हिंदी अवतार आला, 'धडक' नावाचा. त्यात बाई जिवंत ठेवली आणि जात काढून टाकली. आमच्या बायकांनी त्याला अर्ध्या मिनिटात निकालात काढलं.

आता वर्तमानपत्रांबद्दल दोन शब्द. गेली काही वर्षं आंतरजातीय लग्नावरून खून झाला की मथळा येतो: 'सैराटची पुनरावृत्ती'. आणि पोरगा-पोरगी पळून गेले तरी मथळा येतो: 'झाले सैराट'. म्हणजे खुनालाही तोच शब्द आणि लग्नालाही तोच! याने काय होतं ते बघा. खून करणाऱ्या बापाभावाचं नाव मथळ्यातून जातं, जात जाते, राहतो तो सिनेमा. जणू सिनेमा आला म्हणून माणसं मारायला शिकली. सोनईत तीन दलित तरुणांना मारलं ते जानेवारी 2013 मध्ये. खर्ड्यात शाळकरी दलित मुलाला मारलं ते 28 एप्रिल 2014 रोजी, 'सैराट' येण्याच्या दोन वर्षं आधी. सोनईच्या खटल्यात 2018 साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. खर्ड्याच्या खटल्यात नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले, साक्षीदार फितूर झाले होते. तिथे कुठल्याही सिनेमाला दोष देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2018 च्या निकालात राज्यांना सांगितलं आहे की अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष हवेत, सुरक्षित निवारा हवा, आणि पोलिसांनी कुचराई केली तर कारवाई हवी. आपापल्या जिल्ह्यात हा कक्ष कुठे आहे, त्याचा दूरध्वनी कुणी उचलतं का, याची विचारणा प्रत्येक गटाने लेखी करावी. मथळे लिहिणाऱ्यांनाही लिहावं.

चाहत्यांचं सगळंच गोड आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. रिंकू त्या सिनेमात आली तेव्हा शाळकरी होती. 3 जून 2016 ला तिला पंधरा वर्षं पूर्ण झाली. पडद्यावर मोकळी फिरणारी ही पोर प्रत्यक्षात शाळेत जाऊ शकेना, इतकी गर्दी. दहावीची परीक्षा तिला बाहेरून द्यावी लागली. तिला मार्क किती पडले याची बातमी छापून आली. त्या गर्दीत आपलेही भाऊ, पोरं होती, आणि आपणही होतो. "आपल्या तालुक्याची" म्हणून फोटो काढायला हपापलेल्या. अर्चीवर जीव टाकणाऱ्या लोकांना रिंकू नावाच्या मुलीला वर्गात बसू देणं जमलं नाही. पडद्यावरची बाई आपली वाटते म्हणून तिच्यावर आपली मालकी होत नाही, हे पुरुषांना सांगताना आपणही ऐकून ठेवायला हवं.

अकलूजच्या लावणी स्पर्धांचंही मला इथे आठवतं. 1993 पासून त्या सुरू झाल्या तेव्हा आमच्यात दोन तट होते. एक म्हणे, बायका नाचवणं थांबायला हवं. दुसरा म्हणे, कलेला मान मिळतोय. नाचणारीला काय वाटतं, तिच्या पोराच्या शाळेचं काय, थिएटरमालक तिच्या कमाईतलं किती घेतो, हे दोन्ही तटांनी विचारलं नाही. शर्मिला रेगे यांनी 1995 साली लावणी कलावंतांवर निबंध लिहिला आणि त्यात जात, कष्ट आणि त्या बायकांचं शरीर कुणाच्या ताब्यात आहे, हे प्रश्न एकत्र मांडले. अशी समीक्षा हवी. रेगे 2013 साली गेल्या, पण तो निबंध आपल्या अभ्यासगटांनी पुन्हा काढावा असा आहे.

'बाईपण भारी देवा'चं थोडक्यात. 30 जून 2023 ला आला. बायका एकसारख्या साड्या नेसून, गॉगल लावून, दहा-वीस जणींनी मिळून गेल्या. पुन्हा तीच कुत्सित चर्चा: बायकांची सहल, भिशीचा सिनेमा. मला स्वतःला सिनेमा बरा वाटला, फार नाही. मंगळागौर ही आमच्या वस्तीवरच्या बायकांची कधी नव्हतीच, आणि मोलकरणीची मंगळागौर कुणी दाखवत नाही. पण घरातल्या पुरुषाला न विचारता, स्वतःच्या पैशाने, दिवसाढवळ्या वीस बायका तालुक्याच्या गावी गेल्या, सिनेमा पाहिला, बाहेर वडापाव खाल्ला आणि अंधार पडल्यावर परत आल्या. एका सासूने सुनेला बरोबर नेलं. त्यांच्या गॉगलला हसणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरातली बाई शेवटची कधी एकटी सिनेमाला गेली होती ते विचारावं.

तर ठरवलं आहे ते असं. पुढच्या अंकापासून दोन पानं बघणारणींसाठी ठेवतो आहोत. सिनेमा, मालिका, तमाशा, कीर्तन, मोबाइलवरचे तुकडे, जे तुम्ही खरोखर बघता ते. सिनेमाची गोष्ट लिहून पाठवू नका, ती सगळ्यांना माहीत असते. तुम्ही कुणाबरोबर गेलात, घरी काय सांगून गेलात, कुठे रडलात, कुठे राग आला, आणि परत आल्यावर कुणाशी त्यावरून भांडलात ते लिहा. लिहिता येत नसेल त्यांचं गटातल्या कुणी लिहून घ्यावं, त्यांच्याच बोलीत, सुधारणा न करता. नाव छापायचं नसेल तर तसं कळवावं. आवडलं म्हणायला लाजू नका. आवडूनही पटलं नाही, असं असेल तर तेही.

बैठक संपली तेव्हा साडेपाच वाजले होते. फळ्यावर हक्कसोडपत्राचे मुद्दे तसेच. बायका चपला घालत असताना माहेरच्या साडीचं बोललेल्या त्या काकू मागे राहिल्या. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. भावाने "बँकेचं काम हाय" म्हणून सही घेतली होती. दुय्यम निबंधकाकडचं नोंदलेलं हक्कसोडपत्र. सही घेतल्यावर त्या दिवाळीला साडी आली होती म्हणे, चांगली काठाची. नंतर आली नाही. कागद काय आहे ते त्यांना कळलं पुतण्याच्या तोंडून, कधी ते विचारलं तर म्हणाल्या, गेल्या सालच्या आधीच्या आखाडात. फसवून सही घेतली असेल तर असा दस्त दिवाणी न्यायालयातून रद्द करून मागता येतो, पण फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. आखाडाचा हिशेब केला, अजून वेळ आहे. सोमवारी त्यांना घेऊन आमच्या दोघी वकिलांकडे जाणार आहेत.